पित्त, नंबर आणि नाटकं

परवा रविवारी आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली. नेरूळमधल्या सोसायटीच्या सभेत काय होतं ते वेगळं सांगायला नको. पार्किंग, गळती, भटकी कुत्री. या वेळी त्यात एका विषयाची भर पडली होती, समोरच्या इमारतीच्या गच्चीवरचा मोबाइल टॉवर. त्यावर दीड तास चर्चा झाली. गळतीला वीस मिनिटं मिळाली होती. एक काका उठून म्हणाले, "याने ब्रेन ट्युमर होतो. आमच्या पोरांच्या जिवाशी खेळ चाललाय!" टाळ्या पडल्या. पत्र लिहायचं ठरलं, वकिलासाठी वर्गणीही ठरली. मी गप्प बसून होतो. बायकोने कोपराने ढोसलं, "तुम्ही तरी बोला की काहीतरी." नाही बोललो. चारचौघांत तावातावाने बोलणं मला जमत नाही, मग घरी येऊन असं लिहीत बसतो.

टॉवरचं आधी उरकून टाकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०११ साली मोबाइलच्या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकलं. सगळी आरडाओरड तिथून सुरू झाली. (कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कसुद्धा पुढे याच गटात गेला. कोरफडीविरुद्ध कुणी वर्गणी काढल्याचं ऐकिवात नाही.) भारत सरकारने सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. जगभरच्या अभ्यासांचा जो मोठा आढावा जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतला, तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. मोबाइल आणि मेंदूच्या गाठी यांचा संबंध त्यात आढळला नाही. ज्यांना तरीही पत्र लिहायचं आहे त्यांनी लिहावं.

माझा राग वेगळाच आहे. ब्रेन ट्युमरच्या बाबतीत आपण पोरांच्या जिवाशी खेळतो, हे काकांचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. फक्त हा खेळ गच्चीवर होत नाही. तो स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी होतो, चष्म्याच्या दुकानात होतो आणि दवाखान्यातल्या तीन मिनिटांत होतो. हे मी अनुभवाने सांगतोय, कारण त्यात मीही होतो.

२०१७ चा जून. माझ्या धाकट्या भावाची मुलगी तिसरीत गेली. भाऊ कामोठ्याला राहतो. शाळा सुरू होऊन आठवडा झाला नाही तोच पोरीला सकाळी उलटी व्हायला लागली. उठली की डोकं धरून बसायची, मग मोरीवर जाऊन ओकायची, आणि दहा मिनिटांत ठणठणीत! पोहे मागायची. वहिनी म्हणायची, "बघा, बस गेली की कशी बरी होते." आमच्या आईचं निदान तर क्षणात झालं. "पित्त आहे. तिच्या आजोबांना होतं तस्संच." कोकमाचं सरबत झालं, मोरावळा झाला, आवळासुपारी झाली. घराजवळच्या डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटीचं गोड औषध दिलं आणि जंताचं औषध दिलं. मुलांच्या डॉक्टरांनी विचारलं, "शाळेत काही टेन्शन?" हल्ली तिसरीतल्या पोरांनाही टेन्शन असतं हे आम्हा सगळ्यांना इतकं पटलेलं होतं, की आम्ही लगेच होकारार्थी माना डोलावल्या. मग कुणीतरी होमिओपॅथी सुचवली. साबुदाण्यासारख्या गोळ्या तिला आवडायच्या.

जुलैत भाऊ-वहिनी एका लग्नाला गावी गेले, म्हणून पोर आठवडाभर आमच्याकडे होती. पहिल्याच सकाळी उलटी. मी ऑफिसला निघायच्या घाईत. आठ वर्षांच्या पोरीला मी काय म्हणालो ते शब्दांसकट आठवतंय. "नाटकं बंद कर. दप्तर उचल." तिने उचललं. तोंड पुसलं आणि उचललं. मी तिला शाळेत सोडून आलो आणि ट्रेनमध्ये उभ्याउभ्या स्वतःवर खूशही झालो, की पोरांना असं थोडं कडक वागवलं की वळण लागतं.

पुढचं सगळं आता मागे वळून पाहताना स्पष्ट दिसतं. तेव्हा एकेक गोष्ट सुटी सुटी होती आणि प्रत्येक गोष्टीला घरात एक नाव तयार होतं. अक्षर बिघडलं, डायरीत बाईंचा शेरा आला. त्याचं नाव 'लक्ष नाही'. गणपतीच्या आरतीला उभी असताना तोल जाऊन समईवर पडता पडता वाचली. त्याचं नाव 'धांदरट'. फळ्यावरचं दिसेना, मग चष्म्याच्या दुकानात मशीनवर नंबर काढला. त्याचं नाव 'मोबाइल बघून बघून'. महिनाभरात पुन्हा दिसेना, तर दुकानदाराने नंबर बदलून दिला. दिवाळीच्या फोटोत तिने मान डावीकडे कलती धरली आहे. प्रत्येक फोटोत तशीच! त्याला आम्ही 'पोझ' म्हटलं आणि हसलो.

आणि एक गोष्ट. उलट्या रविवारीसुद्धा होत होत्या. शाळा नसताना. पण रविवारच्या उलटीला आदल्या रात्रीचा वडापाव किंवा पाणीपुरी जबाबदार धरली जायची. पाच महिन्यांत जवळजवळ वीस रविवार येतात. आम्ही शिकलेसवरलेले पाच-सहा जण, आणि एकानेही रविवार मोजला नाही.

नोव्हेंबरात चष्म्याचा नंबर तिसऱ्यांदा बदलायची पाळी आली, तेव्हा कुणाच्या तरी सांगण्यावरून भाऊ तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. दुकानात नव्हे, डॉक्टरांकडे. मीही बरोबर होतो. त्या बाईंनी डोळ्यांत थेंब घातले, अर्धा तास बसवलं, मग हातातल्या बॅटरीसारख्या यंत्रातून एका डोळ्यात पाहिलं. मग दुसऱ्या. मग पुन्हा पहिल्या. यंत्र खाली ठेवून त्यांनी विचारलं, "उलट्या सकाळी होतात का?"

उलट्यांबद्दल आम्ही त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. डोळ्यांच्या डॉक्टरला पित्ताचं कोण सांगतं?

"एमआरआय करा. आज. उद्या नाही," त्या म्हणाल्या. एमआरआयचं सेंटर कुठे होतं माहीत आहे? चष्म्याच्या ज्या दुकानात आम्ही दोनदा जाऊन आलो होतो, त्याच इमारतीत, तळमजल्याला.

गाठ लहान मेंदूत होती, लिंबाएवढी. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. तपासणीचा रिपोर्ट आला, 'पायलोसायटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा', पहिल्या ग्रेडची गाठ. मेंदूच्या गाठींमध्ये यापेक्षा बरी बातमी क्वचितच मिळते. सावकाश वाढणारी, संपूर्ण निघाली तर बहुतेक वेळा परत न येणारी. रेडिएशन नाही, केमो नाही. पण मेंदूतल्या पाण्याची वाट अडल्यामुळे कवटीतला दाब महिनोन्महिने चढलेला होता. त्या दाबाखाली डोळ्यांच्या नसा आधी सुजल्या आणि मग सुकल्या. सुकलेली नस परत हिरवी होत नाही. डाव्या डोळ्याला आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. उजव्याला मधोमध थोडं दिसतं, नळीतून पाहिल्यासारखं. गाठीने तिचं काहीच कायमचं नेलं नसतं. जे गेलं ते आमच्या पाच महिन्यांनी नेलं.

तेव्हापासून माझं 'पित्त' या शब्दाशी वैर आहे.

थोडा विचार करून बघा. मराठी घरात पित्ताची खूण कोणती? सकाळी डोकं चढतं, मळमळतं, एकदा ओकारी झाली की डोकं उतरतं आणि माणूस कामाला लागतो. ही खूण आपल्याला आजीपणजीपासून पाठ आहे. आता मेंदूतला दाब वाढल्याची खूण काय? रात्रभर आडवं झोपल्यावर आणि झोपेत श्वास मंदावल्यावर कवटीतला दाब आणखी चढतो, म्हणून डोकं पहाटे किंवा उठल्यावर दुखतं. उलटी होते आणि त्यानंतर बऱ्याचदा बरं वाटतं. उभं राहून हिंडायला लागलं की दाबही उतरतो. म्हणजे दोन्हींचं वर्णन हुबेहूब एकच! 'ओकल्यावर बरं वाटलं' हा आपल्याकडे पित्ताचा पुरावा मानला जातो. तोच गाठीचाही पुरावा असू शकतो. अर्धशिशीतही असंच होतं, हेही खरं. मग फरक कशाने कळणार? दिवस मोजून कळेल, चाल पाहून कळेल, डोळ्याच्या आत पाहून कळेल. 'पित्त' म्हणून मोकळं झालं की यातलं काहीच करायचं राहत नाही. शब्दाने उत्तर दिल्यासारखं वाटतं आणि प्रश्न विचारायचा थांबतो. 'नंबर' आणि 'नाटकं' याच जातीचे शब्द आहेत.

माझे एक डॉक्टर मित्र आहेत. त्यांच्याशी यावर माझं कडाक्याचं भांडण झालेलं आहे आणि त्यांची बाजू लिहिली नाही तर ते पुन्हा भांडतील. ते म्हणतात, "अरे बाबा, दिवसाला चाळीस पोरं बघतो. त्यातल्या दहांना उलट्या असतात. मेंदूची गाठ आयुष्यात दोन-तीनदा भेटते. सगळ्यांना एमआरआयला पाठवू? मग तूच लिहिशील, डॉक्टर कट घेतात म्हणून." बरोबर आहे. मेंदूची गाठ दुर्मिळच. डोकं दुखणाऱ्या हजारो पोरांमधल्या बहुतेकांना खरोखरच काही नसतं. आणि लवकर कळलं म्हणजे जीव वाचलाच, असंही नाही. काही गाठी इतक्या झपाट्याने वाढतात की लक्षणं दिसेपर्यंतच खेळ बराच पुढे गेलेला असतो. हे सगळं मान्य.

पण मी एमआरआय मागतच नाही. मी मागतोय डोळ्यात पाहण्याचं ते यंत्र. ऑफ्थॅल्मोस्कोप. हे काही परग्रहावरून आलेलं नवं तंत्रज्ञान नाही. हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी ते १८५१ साली जगापुढे आणलं. १८५७ च्या बंडाच्या आधी! एक-दोन एमआरआयच्या पैशात येतं आणि वर्षानुवर्षं चालतं. मेंदूतला दाब वाढला की डोळ्याच्या पडद्यावर जिथे नस येऊन मिळते ती जागा सुजते, आणि ती या यंत्रातून दिसते. मित्र म्हणतात, रडणाऱ्या पोराच्या बारीक बाहुलीतून दिसत नाही रे. नसेल दिसत, तर थेंब घालणाऱ्याकडे पाठवा. ते म्हणतात, पडदा चांगला दिसला म्हणून गाठ नाही असं सिद्ध होत नाही. नाही होत. म्हणून पोराला सरळ रेषेत, टाचेला पंजा लावत चालवून बघा, बोट नाकाला आणि मग तुमच्या बोटाला लावायला सांगा. दोन मिनिटं लागतात. आमची पोर जून ते नोव्हेंबर चार दवाखाने फिरली, त्यात एकदाही तिला कुणी चालवलं नाही. पोट मात्र प्रत्येकाने दाबून पाहिलं.

यंत्रं नव्हती तेव्हा लोक काय करत, तेही सांगतो. १८८४ साली लंडनमध्ये एक तरुण स्कॉटिश शेतकरी ह्यूज बेनेट नावाच्या डॉक्टरांकडे आला. झटके यायचे ते चेहऱ्याच्या डाव्या बाजूने सुरू व्हायचे, डावा हात हळूहळू निकामी झालेला, भयंकर डोकेदुखी, उलट्या. डोळ्यांत पाहिलं तर दोन्ही नसा सुजलेल्या. तेव्हा एक्स-रेसुद्धा नव्हता, तो १८९५ चा. बेनेट यांनी फक्त ऐकून आणि तपासून सांगितलं की गाठ उजव्या मेंदूच्या अमुक जागी असणार. २५ नोव्हेंबरला रिकमन गॉडली या सर्जननी तिथे कवटी उघडली आणि गाठ तिथेच निघाली. रोगी महिनाभराने जंतुसंसर्गाने गेला, कारण काळच तसा होता. पण निदान अचूक होतं. कवटीच्या आतलं दाखवणारं सीटी स्कॅन त्यानंतर ८७ वर्षांनी, १ ऑक्टोबर १९७१ रोजी, पहिल्यांदा माणसावर वापरलं गेलं. तेही लंडनलाच, आणि ती रोगीही ब्रेन ट्युमरचीच. आज वाशी ते पनवेल बसने गेलात तर खिडकीतून 'एमआरआय, सीटी' असे बोर्ड मोजता मोजता दमाल. बेनेटकडे जे नव्हतं ते आपल्याकडे चौकाचौकात आहे. त्यांच्याकडे जे होतं ते कुठे गेलं?

नवी मुंबईकरांना तर हे जास्तच लागायला हवं. परळच्या टाटा रुग्णालयाशी जोडलेली कर्करोग संशोधन संस्था २००२ साली आपल्या खारघरला आली. तेच आजचं अ‍ॅक्ट्रेक, उत्सव चौकाच्या पुढे, ओवे कॅम्पजवळ. लहान मुलांमध्ये मेंदूची जी घातक गाठ सर्वांत जास्त दिसते तिला मेड्युलोब्लास्टोमा म्हणतात. तिचे जनुकांवरून चार गट पडतात आणि गटानुसार पोराचं भवितव्य बदलतं. मेणात जपून ठेवलेल्या गाठीच्या तुकड्यावरून हा गट ओळखायची चाचणी याच खारघरमध्ये डॉ. नीलम शिरसाट यांच्या प्रयोगशाळेत तयार झाली. २०२३ पासून तिथे प्रोटॉन किरणांचे उपचारही होतात. ते किरण वाढत्या मेंदूचा निरोगी भाग जपतात. देशभरातून लोक फाइली छातीशी धरून खारघर स्टेशनला उतरतात आणि रिक्षावाल्याला विचारतात, टाटा? मी ते वर्षानुवर्षं पाहत होतो आणि ते 'बाहेरचे लोक' आहेत असं समजत होतो. गाठ चारपैकी कुठल्या गटातली हे सांगू शकणारी माणसं माझ्या घरापासून दहा-बारा किलोमीटरवर, आणि माझ्या घरात रविवारची उलटी मोजणारं कुणी नाही.

मोठ्या माणसांचंही थोडक्यात सांगतो. आयुष्यात कधी फिट न आलेल्या चाळिशीच्या माणसाला अचानक फिट आली, तर आपल्याकडे अजूनही कांदा हुंगवतात, चप्पल हुंगवतात, शुद्ध आली की 'उपासाने आली' म्हणून विषय संपतो. सत्तरीचे सासरे अचानक विक्षिप्त वागायला लागले, की म्हातारचळ. अशी पहिली फिट आणि असा अचानक पालटलेला स्वभाव, दोन्हींसाठी मेंदूचा फोटो काढलाच पाहिजे.

पण फोटोत डाग दिसला की लगेच गाठ म्हणून रडायचंही नाही! आपल्या देशात मेंदूतला डाग टीबीचा असू शकतो, टेपवर्मच्या अळीचाही असू शकतो. फिट आलेल्या असंख्य भारतीय रोग्यांच्या सीटीत एकच बारीक गोल डाग दिसायचा. त्यातल्या बऱ्याच जणांना टीबी समजून महिनोन्महिने औषधं दिली जायची. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी आणि नंतर दाखवून दिलं, की त्यातले बहुतेक डाग मरणाऱ्या अळीचे असतात आणि आपोआप विरतात. तिथेही काम आलं ते बारकाईने पाहणं आणि धीर धरून मोजणंच.

आता कुणी म्हणेल, हे सगळं बोलायला ठीक, पण प्रत्यक्षात काय करणार? ब्रिटनने केलं. २०११ मध्ये तिथे 'हेडस्मार्ट' नावाची मोहीम सुरू झाली. मुलांच्या वयाप्रमाणे लक्षणांची छोटी कार्डं छापली, शाळांत वाटली, डॉक्टरांना सोपी सूचना दिली. डोकेदुखी चार आठवड्यांपेक्षा जास्त टिकली किंवा उलट्या दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकल्या, तर गाठीचा विचार मनात आणा. लक्षण सुरू झाल्यापासून निदानापर्यंतचा काळ २००६ च्या सुमारास तिथे साधारण चौदा आठवडे होता. २०१३ पर्यंत तो सात आठवड्यांच्या आत आला. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. कार्ड! आपल्याकडे शाळेच्या डायरीत गणवेशाच्या मोज्यांच्या रंगावर अर्धं पान असतं. तिथे चार ओळी बसतील. आणि डोकं दुखतं म्हणून आलेल्या लहान मुलाला दुकानात नुसत्या मशीनवर नंबर काढून चष्मा देणं बंद झालं पाहिजे, पडदा तपासल्याशिवाय द्यायचाच नाही. महिन्याभरात दुसऱ्यांदा नंबर बदलायला आलेलं पोर हे गिऱ्हाईक नव्हे, हे दुकानदाराला कुणीतरी सांगायला हवं.

पुतणी आता कॉलेजात आहे. फोनवर टॉकबॅक लावून सगळं वाचते, माझ्यापेक्षा भराभर. माझं हे लिखाणही ऐकते आणि शुद्धलेखनाच्या चुका काढते. (फोन चुकीचा उच्चार करतो, त्यावरून कळतं म्हणे.) त्या जुलैच्या सकाळबद्दल ती कधी बोललेली नाही. तिला आठवत नसेल असं मी बरीच वर्षं मानत होतो. गेल्या वर्षी तिच्या धाकट्या भावाने शाळेला जायला कुरकुर केली, वहिनी ओरडायला लागली, तेव्हा ही आतल्या खोलीतून म्हणाली, "आई, आधी विचार तरी, काय होतंय ते." मी तिथेच चहा पीत बसलो होतो. कप खाली ठेवला.

सभेनंतर मी सेक्रेटरींना गाठलं. म्हटलं, टॉवरच्या पत्राशेजारी नोटीस बोर्डावर माझाही एक कागद लावा. वाचून ते म्हणाले, "चांगलं आहे हो, पण कमिटीत ठराव लागेल. पुढच्या वर्षीच्या सभेत विषय घेऊ."

रात्री अकराला मी खाली जाऊन तो कागद लिफ्टमध्ये चिकटवून आलो. 'मुलाला सकाळी उलटी होते का? किती दिवस? रविवारीही होते का? चालताना झोक जातो का? मान कलते का? डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदा तपासून घ्या.' खाली माझा फ्लॅट नंबर लिहिलाय. कालपर्यंत तरी होता. एका कोपऱ्यावर कुणीतरी पिझ्झ्याची जाहिरात डकवली आहे, पण वाचता येतं.